वाचक विचारतात : माणूस शिकायला कुठून शिकला?

‘माणसाचं शिकणं आणि उत्क्रांती’ या विषयावर सीमाभागातल्या वाचकांकडून आम्ही प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी सात इथं घेतली आहेत. नावं न देता फक्त गाव दिलं आहे. काही पत्रं लांबलचक होती, त्यातला मुद्दा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : मलप्रभेच्या खोऱ्यात आदिमानवाची दगडी हत्यारं सापडतात असं वाचलं. नदीत फुटलेला दगड आणि माणसानं फोडलेला दगड यात फरक कसा करायचा? आणि ती माणसं एकमेकांना शिकवत होती की प्रत्येक जण आपापलं शोधून काढत होता? (विद्यार्थी, खानापूर)

मलप्रभा तुमच्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, पण हत्यारं मिळाली ती बरीच खाली, बदामीकडच्या अंगाला. तिकडं कलादगी भागातला क्वार्टझाइट हा घट्ट दगड आहे आणि हत्यारं बहुतेक त्याचीच आहेत. पुरातत्त्वज्ञ आर. व्ही. जोशी यांनी या खोऱ्याचा अभ्यास करून १९५५ मध्ये तो प्रसिद्ध केला. घटप्रभेवर बागलकोट जिल्ह्यात अनगवाडीलाही अशी हत्यारं नदीच्या जुन्या गोट्यांच्या थरात मिळाली. कर्नाटकातलं सगळ्यात बोलकं ठिकाण मात्र यादगीर जिल्ह्यातलं इसामपूर. पुरातत्त्वज्ञ के. पद्दय्या यांनी तिथं हत्यारं घडवण्याची अख्खी जागाच उकरून काढली. जमिनीतून निघालेल्या चुनखडीच्या फरश्या, त्यातून काढलेले कपचे, अर्धवट सोडलेली हत्यारं आणि फोडायचे हातोडा-दगड, सगळं जागच्या जागी होतं. त्याचा काळ सुमारे १२ लाख वर्षांपूर्वीचा धरतात. तमिळनाडूत अत्तिरमपक्कमची हत्यारं १५ लाख वर्षांपर्यंत मागं जातात, तर केनियात लोमेक्वीला ३३ लाख वर्षांपूर्वीचे फोडलेले दगड आहेत.

आता ओळखायचं कसं. माणसानं ठोका मारून कपचा काढला की ठोक्याच्या जागेखाली, कपच्याच्या आतल्या बाजूला, बोटाच्या पेरासारखा एक फुगवटा उमटतो. त्याच्यापासून पाण्यात खडा टाकल्यावर उठाव्यात तशा बारीक लाटा पसरतात. कपचा जिथून निघाला त्या मूळ दगडावर या फुगवट्याची उलटी प्रतिमा, म्हणजे खळगा राहतो. नदीत आदळून फुटलेल्या दगडावरही एखादा असा खळगा दिसतो, म्हणून एका खळग्यावर विश्वास ठेवू नका. एकाच कडेनं तीन-चार खळगे शेजारी शेजारी, एकाच दिशेचे असतील, आणि दगड उलटा केल्यावर दुसऱ्या बाजूनंही तसेच असतील, तर तो हात माणसाचा आहे. असा दगड दिसला तर जागेवरच ठेवा, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा आणि ठिकाण लिहून ठेवा. उचलून घरी आणला की कुठल्या थरातला होता ही माहिती कायमची जाते, आणि उरतो नुसता दगड.

शिकवण्याचा मुद्दा इथूनच सुरू होतो. दगड फोडणं दिसायला सोपं, पण त्यात तीन गोष्टी एकदम साधाव्या लागतात. फोडायच्या कडेचा कोन ९० अंशांपेक्षा कमी हवा, ठोका कडेपासून साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर आत पडायला हवा, आणि हात ठोक्यानंतर थांबता कामा नये, पुढं जायला हवा. कोन बोथट असला तर हातोडा नुसता उसळतो. ठोका अगदी कडेवर पडला तर कडेचा चुरा होतो. फार आत पडला तर कपचा अर्ध्यातच पायरीसारखा तुटतो आणि पुढचे कपचेही त्या पायरीवर अडकतात. बघणाऱ्याला दिसतो तो ठोका. कोन मात्र ठोक्याआधी, दगड हातात फिरवून निवडलेला असतो, आणि तिकडं नवख्याचं लक्षच जात नाही.

यावर २०१५ मध्ये एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. १८४ नवख्या माणसांना गारगोटी फोडायला दिली. काहींना फक्त तयार कपचे दाखवले, काहींना करणाऱ्याकडं बघू दिलं, काहींचा हात धरून नीट केला, काहींना खुणांनी शिकवलं आणि काहींना बोलून. नुसतं बघून फारसा फायदा झाला नाही. खुणांनी झाला, आणि बोलून सगळ्यात जास्त. लाखो वर्षं हत्यारांचा आकार जवळजवळ तोच का राहिला, याचं एक उत्तर यात असावं: बघून जेवढं पोचतं तेवढंच पिढ्यान् पिढ्या पोचत होतं. शिकवण्याची आणि भाषेची वाढ हात धरून झाली असावी असं या प्रयोगाच्या अभ्यासकांना वाटतं. आम्हालाही ते पटतं, मात्र हा पुरावा आजच्या माणसांच्या हातांचा आहे, त्या काळच्या नव्हे, हे विसरू नये.

प्रश्न : आमच्या विहिरीवरच्या बाभळीला दरवर्षी सुगरणीची घरटी लटकतात. सुगरणीला विणायला कोण शिकवतं? (कडोली)

घरटं विणतो तो नर. मादी अर्धवट विणलेलं घरटं येऊन बघते, पसंत पडलं तरच तो ते पुरं करतो. विणायची ओढ त्याला उपजत असते, सफाई मात्र सरावानं येते. आफ्रिकेतल्या सुगरणीच्या जातभाईंवर प्रयोग झाले, त्यात ज्या पिल्लांना पहिल्या वर्षात गवताची पाती मिळू दिली नाहीत, त्यांना नंतर पातं मिळूनही धड गाठ घालता येईना. उलट कोकिळेकडं बघा. कावळ्याच्या घरट्यात वाढूनही नर मोठा झाल्यावर ‘कुहू’च घालतो, त्याला बापाकडून ऐकायची गरज पडत नाही. ‘उपजत’ आणि ‘शिकलेलं’ या दोन वेगळ्या पेट्या नाहीत. बहुतेक प्राण्यांत ओढ उपजत असते आणि तिला आकार अनुभव देतो. माणसात उपजत काय आहे, तर दुसऱ्याकडून शिकायची ओढ.

प्रश्न : माझी मुलगी साडेतीन वर्षांची. मी पोळीचा डबा उघडताना सवयीनं झाकणावर दोन टिचक्या मारते. तीही मारते, मगच उघडते. रिकामा स्टीलचा डबा असला तरी मारते. टिचकीचा काही उपयोग नाही हे तिला कळत नाही का? सासूबाई म्हणतात, माकडासारखी नक्कल करते. (निपाणी)

ताई, इथं माकडावर अन्याय होतोय. अशी नक्कल माकड करत नाही, माणसाचं मूलच करतं.

२००५ मध्ये हे फार छान दाखवलं गेलं. एका पेटीत खाऊ ठेवला. करून दाखवणारा आधी काठी वरच्या भोकात घालायचा (याचा काही उपयोग नव्हता), मग समोरच्या दारातून खाऊ काढायचा. पेटी काळी होती तोवर चिंपँझींनी दोन्ही क्रिया केल्या. पेटी पारदर्शक केली, वरची काठी कुठंच पोचत नाही हे दिसलं, आणि चिंपँझींनी ती क्रिया बहुतेक सोडून दिली. तीन-चार वर्षांची मुलं मात्र पारदर्शक पेटीतही आधी वरच्या भोकात काठी घालत राहिली. पुढं कलहारी वाळवंटातल्या शिकार करून जगणाऱ्या समाजातल्या मुलांवर तसाच प्रयोग झाला, तिथंही मुलं तशीच वागली. म्हणजे हे शहरी शाळेनं लावलेलं वळण नाही.

चिंपँझी इथं जास्त हुशार वाटतो, आणि त्या एका पेटीपुरता तो आहेच. पण माणसाचं बरंचसं ज्ञान पारदर्शक नसतं. मक्याचं उदाहरण घ्या, आपल्या भागात मका सगळ्यांच्या ओळखीचा. मेक्सिको आणि आसपासचे लोक निदान ३००० वर्षं मका चुन्याच्या पाण्यात किंवा राखेच्या पाण्यात उकळून, रात्रभर भिजवून, धुऊन मग वाटत आले. चुना का, असं विचारलं तर साल सुटते, पीठ चांगलं मळतं, एवढंच उत्तर मिळालं असतं. खरं काम वेगळंच होतं. मक्यातलं नियासिन हे जीवनसत्त्व असं बांधलेलं असतं की ते आपल्या अंगी लागत नाही. चुन्यानं ते सुटतं. १४९२ नंतर मका युरोपात गेला, चुना मागंच राहिला. तिथल्या शहाण्या माणसांना ती बिनकामाची पायरी वाटली असणार, गिरणीत दळलं की झालं. मग इटली, स्पेन आणि पुढं अमेरिकेच्या दक्षिण भागात, जिथं गरीब लोक मक्यावरच जगत, तिथं पेलाग्रा पसरला: कातडी काळी पडून सोलवटणे, जुलाब, बुद्धिभ्रम आणि शेवटी मृत्यू. नियासिनचा संबंध पक्का व्हायला १९३७ उजाडलं. (आपल्याकडं मक्याच्या भाकरीबरोबर डाळ, दूध, शेंगदाणे असतात, त्यामुळं घाबरायचं कारण नाही.)

‘कळत नसलं तरी मोठे करतात तसं कर’ ही तुमच्या मुलीची वृत्ती अशा पायऱ्या जपण्यासाठी आहे. अळूच्या फदफद्यात चिंच का घालतात हे न कळता पिढ्या घालत आल्या. अळूत सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि ते घशाला टोचतात, हे सूक्ष्मदर्शकानं नंतर सांगितलं. अडीच वर्षांची १०५ मुलं आणि १०६ चिंपँझी यांची २००७ मध्ये तुलना झाली. जागा लक्षात ठेवणं, मोजणं, वस्तू वापरणं यात दोघं जवळजवळ सारखे निघाले. दुसऱ्याकडून शिकणं, त्याच्या बोटाची आणि नजरेची दिशा समजणं यात मुलं फार पुढं होती. आपण एकेकटे काही फार हुशार नाही, आपण नीट उचलतो.

घरी काय करायचं? टिचकी मारू द्या. पण ‘हे का करतो?’ असं तिला विचारत जा, आणि तुम्हाला कारण माहीत असेल तर सांगा: प्लॅस्टिकचं झाकण घट्ट बसतं म्हणून टिचकी, स्टीलचं सैल असतं म्हणून नको. कारणं ऐकायला मिळाली तर कारण असलेली पायरी आणि नसलेली पायरी वेगळी करणं मुलांना सोपं जातं. आणि जपा ते दुसऱ्या बाजूनं. गॅसचा खटका, औषधाची बाटली, चाकू या गोष्टी तिच्यासमोर वापरताना तुम्ही जे कराल ते सगळं ती उचलणार आहे.

प्रश्न : आमचं गुऱ्हाळ आहे. गुळव्या साठीला आला. त्याचा पाक कधी चुकत नाही, पण पोरांना विचारलं की म्हणतो, ‘डोळ्यानं बघा, कळंल.’ मुलगा म्हणतो व्हिडिओ काढून ठेवू. व्हिडिओवरून हे शिकता येईल का? (संकेश्वर)

फक्त व्हिडिओवरून नाही, आणि का नाही ते वरच्या दगडाच्या उत्तरात अर्धं आलंय. व्हिडिओत गुळव्याचा हात दिसतो. तो काय बघतोय, कसला वास घेतोय, कुठला बुडबुडा बघून त्यानं जाळ कमी करायला सांगितला, हे त्यात येत नाही.

कामाचे टप्पे तुम्हाला ठाऊक आहेत, पण गुळव्या प्रत्येक ठिकाणी काय ओळखतो ते मांडून बघू. रस काहिलीत तापला की पहिली मळी वर येते. उकळी फुटायच्या आत ती काढली नाही तर ती पुन्हा रसात मिसळते आणि गूळ काळवंडतो. चुन्याची निवळी घालतात ती रसाचा आंबटपणा कमी करायला, सामू (पीएच) साधारण ६.२ ते ६.५ वर आणायला. चुना कमी पडला तर गूळ चिकट राहतो, जास्त झाला तर रंग जातो. भेंडीच्या चिकानं उरलेली घाण गोळा होते. मग जाळ वाढवायचा, आणि शेवटी पाक बघायचा. थंड पाण्यात थेंब टाकला तर त्याची गोळी व्हायला हवी, आणि ती ताटलीवर टाकल्यावर कडक वाजली पाहिजे. तापमानात बोलायचं तर काकवी १०५-१०६ अंशांना उतरते आणि ढेपेचा गूळ ११६-११८ अंशांना. दोन अंश अलीकडं उतरवला तर ढेप पावसाळ्यात पाझरते, पलीकडं गेला तर करपट लागतो. ऊस तोडून दोन-तीन दिवस पडला असेल तर साखरेचं रूप पालटतं, मग पाक बरोबर येऊनही गूळ बसत नाही. अशा वेळी अनुभवी गुळव्या रसाच्या रंगा-वासावरूनच आधी कुरकुरतो. पोरांनी लिहून घ्यायची गोष्ट आहे ती ही कुरकुर.

थर्मामीटर जरूर घ्या, पण पुस्तकातले आकडे समुद्रसपाटीचे आहेत. आपला भाग साडेसहाशे-साडेसातशे मीटर उंचीवर, इथं पाणी १०० ला नाही, साधारण ९८ अंशांनाच उकळतं. म्हणून आधी नुसतं पाणी उकळून थर्मामीटर बघा. ९८ दाखवलं तर वरच्या प्रत्येक आकड्यातून दोन वजा करा. हे न केल्यामुळं ‘थर्मामीटर लावला आणि गूळ बिघडला’ असं होतं, आणि दोष यंत्राला जातो.

आता शिकवण्याची रीत. कलहारीतल्या मीरकॅट या मुंगसाच्या भाईबंदाकडून ती घेण्यासारखी आहे. मोठी मीरकॅट अगदी लहान पिल्लांना मेलेला विंचू देतात, जरा मोठी झाल्यावर नांगी तोडलेला जिवंत विंचू, आणि शेवटी आख्खा. स्वतः पटकन खाता आला असता तो विंचू पिल्लाच्या सरावासाठी सोडायचा, यालाच जीवशास्त्रात शिकवणं म्हणतात: शिकवणाऱ्याला झळ बसते आणि शिकणारा लवकर तयार होतो. मुलाला थेट मोठ्या काहिलीवर उभं करू नका. ५ लिटर रस घरच्या कढईत आटवायला द्या, त्यातून किलोभराच्या आत गूळ निघेल. बिघडला तरी नुकसान तेवढंच. मात्र लहान भांड्यात तळ लवकर धरतो, शेवटच्या दहा मिनिटांत हात थांबू देऊ नका. मोठ्या काहिलीपाशी मुलानं गुळव्याच्या आधी मोठ्यानं सांगायचं: ‘आता झाला’ किंवा ‘अजून नाही’. मग गुळव्या सांगेल, मग थर्मामीटर बघायचा, आणि तिन्ही वहीत लिहायचे. आधी अंदाज बोलल्याशिवाय चूक कुठं झाली ते कळत नाही. गुळव्याबाबांना ‘कसं ओळखता?’ विचारू नका, त्यांना ते सांगता येणार नाही. ‘आता काय दिसतंय?’ आणि ‘मघाशी काय वेगळं होतं?’ असं विचारा. व्हिडिओ काढायचा तो हे बोलणं पकडण्यासाठी.

एका हंगामात हे जमणार नाही, त्याबद्दल मुलाला बोलू नका. पॅराग्वेतल्या आचे जमातीच्या शिकाऱ्यांची शिकार मोजली गेली, तेव्हा त्यांचं कसब अंगातली ताकद सर्वात जास्त असते त्या वयात नाही, तर तिशीच्या उत्तरार्धात आणि चाळिशीत कळसाला पोचलेलं दिसलं. माणसाचं बालपण इतकं लांब आणि म्हातारपण इतकं उपयोगी का, याचं एक कारण अशा कामांत आहे.

प्रश्न : घरी मराठी, गल्लीत कन्नड, सून इंग्रजीत बोलते. नातू दहा महिन्यांचा आहे. ‘एकच भाषा बोला, पोर गोंधळेल’ असं सगळे सांगतात. मोठा नातू ‘काय करूलालास?’ म्हणतो आणि मधेच कन्नड शब्द घालतो. कन्नड यावं म्हणून धाकट्याला कन्नड कार्टून लावून ठेवावं का? (शहापूर, बेळगाव)

आजी, गोंधळत नाही. तुमच्या मोठ्या नातवाचं ‘करूलालास’ ही बेळगावची मराठी आहे, चूक नाही. आणि मधे कन्नड शब्द घालणं म्हणजे त्या क्षणी जो शब्द आधी हाताला लागला तो वापरणं. समोरचा माणूस बदलला की मुलं भाषा बदलतात, हे तुम्हीच बघितलं असेल.

दहा महिने हे वय मात्र मोलाचं आहे. सहा-आठ महिन्यांचं कुठलंही बाळ कुठल्याही भाषेतले आवाज वेगळे ओळखतं. १९८४ च्या एका गाजलेल्या अभ्यासात इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळला, दहा-बारा महिन्यांच्यांना कळेनासा झाला. जे कानावर पडत नाही ते कान सोडून देतो. आपल्या घरात हा प्रश्न असा येतो: कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ओ’ वेगळे आहेत. ऱ्हस्व ‘ओ’नं ‘कोडु’ म्हटलं तर ‘दे’, दीर्घानं म्हटलं तर ‘शिंग’. मराठीत हा भेद नाही. उलट ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले दोन ‘च’ मराठी बाळाला आपोआप येतात, ते कन्नड माणसाला पुढं शिकताना जड जातात. दोन्ही भाषा आत्ता कानावर पडल्या तर दोन्ही भेद फुकट मिळतील.

पण कार्टूननं नाही. २००३ मध्ये अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली, २५ मिनिटांची एक अशा १२ बैठका. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून ऐकलेल्या बाळांना चिनी आवाज ओळखता आले. तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर बघितलेल्यांना काहीच आलं नाही. बाळाचा कान माणसाच्या डोळ्यांना जोडलेला असतो. तेव्हा शेजारच्या अक्का रोज अर्धा तास नातवाला मांडीवर घेऊन कन्नडमध्ये बोलल्या तर ते टीव्हीच्या चार तासांपेक्षा मोठं काम होईल.

एक गोष्ट लक्षात ठेवा. दोन वर्षं पूर्ण होताना तिन्ही भाषांचे मिळून पन्नासेक शब्द आणि ‘पाणी दे’ यासारखी दोन शब्दांची जोडणी नसेल, तर ‘दोन भाषांमुळं उशीर’ म्हणून थांबू नका, आधी कान तपासून घ्या.

प्रश्न : दुसरीतली मुलं कन्नडमध्ये शंभरपर्यंत भराभर म्हणतात, मराठीत मात्र एकोणतीस-एकोणचाळीसला अडतात. आणि वाचन? बोलायला आपोआप शिकलेली पोरं वाचायला का अडखळतात? (शिक्षिका, येळ्ळूर)

बाई, दोन्हींचं मूळ एकच. कमी-जास्त ओळखणं उपजत आहे: सहा महिन्यांच्या बाळाला ८ आणि १६ ठिपक्यांतला फरक कळतो, ८ आणि १२ मधला कळत नाही. पण नेमका ‘एकोणतीस’ हा माणसानं केलेला शब्द आहे, तो शिकावाच लागतो. कन्नडमध्ये २१ म्हणजे ‘इप्पत्तोंदु’, वीस-एक. २९ म्हणजे ‘इप्पत्तोंबत्तु’, वीस-नऊ. लिहिण्याचा क्रम आणि बोलण्याचा क्रम एकच. मराठीत ‘सव्वीस’मध्ये सहा आधी आणि वीस नंतर, लिहिताना मात्र २ आधी. त्यात दोनाची रूपं बघा: बावीस, बेचाळीस, बासष्ट, ब्याऐंशी. आणि एकोणतीस म्हणजे तिसाला एक ऊन, म्हणजे एक कमी, ही तर वजाबाकी आहे. तीही नव्याण्णवला पोचल्यावर मोडते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ अशी जोड दिली तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. आमच्या मते जुने शब्द टाकायचे नाहीत, पण नवी जोड पूल म्हणून वापरायला काहीच हरकत नाही, आणि तुमच्या वर्गात तो पूल कन्नडमध्ये तयारच आहे. दहा-दहा काड्यांच्या जुड्या रबरानं बांधा. दोन जुड्या आणि सहा सुट्या मुलांच्या हातात द्या. आधी ‘इप्पत्तारु’, मग ‘वीस आणि सहा’, मग ‘सव्वीस’, शेवटी पाटीवर २६. एकोणतीससाठी तीन जुड्या द्या आणि एक काडी काढून घ्यायला सांगा. ‘एक ऊन तीस’ हातानं केलं की शब्द आपोआप बसतो.

वाचनाचं उत्तर असं. आपली जात सुमारे ३ लाख वर्षांची, लिपी जेमतेम ५ हजार वर्षांची. बोलण्यासाठी मेंदू घडत आला, वाचनासाठी घडायला वेळच मिळाला नाही. वाचायला शिकताना मेंदूच्या डाव्या भागात, मागं खालच्या बाजूला, चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागाचा एक तुकडा अक्षरांसाठी वळवावा लागतो. त्या भागाला वस्तू उलटी-सुलटी सारखीच दिसायची सवय असते: कपाचा कान डावीकडं असो वा उजवीकडं, कप तोच. म्हणून ३ आणि ६ यांची अदलाबदल सहा-सात वर्षांच्या पोरांत खूप दिसते. तो आळस नाही. बोटानं वाळूत, मोठा आकार, सुरुवात कुठून आणि वळण कुठं हे तोंडानं म्हणत गिरवून घेतल्यावर ती बहुतेकांची जाते. आठ-नऊ वर्षांनंतरही राहिली तर तपासणी हवी.

बाराखडीसकट चारशेच्या वर चिन्हं होतात. कन्नड शाळांतल्या अभ्यासात मुलांची अक्षरओळख चौथीपर्यंत चालू राहिलेली दिसली, तेव्हा दुसरीत सगळं यावं ही अपेक्षाच चुकीची. अख्खी बाराखडी घोकून घेण्याआधी क, म, न, र, ल आणि काना, वेलांटी एवढ्यावर ‘काम, नाक, कमान, राम’ वाचून घ्या. ‘का’ म्हणजे ‘क्’ आणि ‘आ’, हे तोंडानं फोडून दाखवा. एका लिपीत काना-मात्रेची कल्पना बसली की दुसऱ्या लिपीत फक्त आकार नवे, कारण दोन्ही ब्राह्मीच्याच लेकी आणि वर्णमालेचा क्रमही तोच. आणि धडा पुन्हा पुन्हा वाचून घेण्यापेक्षा पुस्तक मिटून काय आठवतं ते विचारा. २००६ च्या एका प्रयोगात एक मजकूर काहींनी चार वेळा वाचला, काहींनी एकदाच वाचून तीन वेळा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढं होते. आठवड्यानं वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के.

प्रश्न : रांगणारं मूल सापाकडं हसत जातं. मग सापाची भीती जन्मजात असते असं का म्हणतात? (जांबोटी)

जन्मजात असतो तो ही भीती चटकन शिकण्याचा कल. प्रयोगशाळेत वाढलेली, साप कधी न बघितलेली माकडं सापाला घाबरली नाहीत. दुसरं माकड सापाला घाबरतंय अशी चित्रफीत दाखवली, तेव्हा ती घाबरू लागली. मग चित्रफीत अशी जोडली की तेच माकड फुलाला घाबरतंय. फुलाची भीती मात्र कुणालाच बसली नाही.

मूल तुमचा चेहरा वाचून शिकतं, हे यातून घ्यायचं. शिवारात साप दिसला तर किंकाळी फोडून पळू नका, त्यानं मूल सरड्यालाही घाबरायला लागतं. मुलाला कडेवर घ्या, बोटानं दाखवा, ‘साप. लांबून बघायचं’ असं शांत आवाजात म्हणा आणि मागं सरका. पाच-सहा वर्षांपासून नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांची चित्रं दाखवून नावं सांगा. रात्री बॅटरीशिवाय परसात जायचं नाही, आणि लाकडाच्या ढिगात हात घालण्याआधी काठीनं हलवायचं, हे तुम्ही स्वतः रोज करत राहिलात तर त्याला वेगळं शिकवावं लागणार नाही.